अडकलेल्या मेसेजचा माग

ग्राहकाच्या खात्यातून पैसे वजा झाले, समोरच्याच्या खात्यात जमा झाले नाहीत. मोबाइल ॲप सांभाळणारे सांगतात, आम्ही विनंती पाठवली. कोअर बँकिंगची टीम म्हणते, आमच्याकडे नोंद झाली आणि उत्तरही गेले. स्विचवाले म्हणतात, आमच्यापर्यंत काही आलेच नाही. तिघेही खरे बोलत असतात. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने या त्रिशंकू अवस्थेची किंमत ठरवून टाकली. यूपीआयने पाठवलेली रक्कम लाभार्थ्याच्या खात्यात जमा होऊ शकत नसेल, तर ती फार तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत गेली पाहिजे. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला शंभर रुपये भरपाई. या तिघांच्या मधे बसलेले सॉफ्टवेअर ग्राहकाने कधी पाहिलेले नसते. शाखेतल्या अधिकाऱ्यालाही त्याचे नाव बहुधा ठाऊक नसते. पण मेसेज नेमका कुठे थांबला याचा शोध तिथेच घ्यावा लागतो, आणि तोही घड्याळ चालू असताना.

हे पुस्तक त्या मधल्या सॉफ्टवेअरबद्दल, म्हणजे एंटरप्राइज सर्व्हिस बसबद्दल आहे. ईएसबी बसवायची कशी, हे शिकवणारी पुस्तके, वर्ग आणि प्रमाणपत्रे भरपूर आहेत. ही बस चालू होऊन सात-आठ वर्षे झाल्यावर, मूळ बांधणारे दुसऱ्या नोकरीत गेल्यावर आणि डिझाइनचा कागद एका जुन्या आवृत्तीवर थांबल्यावर तिच्यातला बिघाड कसा शोधायचा, तिला नवी जोडणी कशी करायची, यावर मात्र सलग लेखन क्वचितच सापडते. पुण्या-मुंबईत बसून देशातल्या आणि परदेशातल्या बँका, विमा कंपन्या, दुकानसाखळ्या यांचे इंटिग्रेशन रात्रपाळीत सांभाळणाऱ्या मराठी मुलामुलींचे रोजचे काम हेच आहे. हे पुस्तक त्यांच्यासाठी.

बहुतेक कंपन्यांत बिघाड शोधणारी सपोर्ट टीम वेगळी आणि नवी जोडणी करणारी प्रोजेक्ट टीम वेगळी. त्यांची बजेटे वेगळी, साहेब वेगळे, कित्येकदा कंपन्याही वेगळ्या. मला ही विभागणी मुळातच चुकीची वाटते. सपोर्टवाले ज्या बिघाडामागे रात्र रात्र जागतात, तो बहुतेक वेळा आधीच्या कुठल्यातरी विस्तारात पेरलेला असतो. तो शोधायला लागणाऱ्या खुणाही विस्ताराच्या वेळीच ठेवता येतात, नंतर नाही. म्हणून या पुस्तकात दोन्ही कामे शेजारी शेजारी ठेवली आहेत.

थोडा इतिहास आवश्यक आहे. तो मुंबईतून निघालेल्या एका माणसापासून सांगता येतो. जुहूला वाढलेले विवेक रणदिवे एमआयटीत शिकले आणि ऐंशीच्या दशकात त्यांनी टेक्नेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स ही कंपनी उभी केली. वॉल स्ट्रीटवरच्या दलालांपुढे तेव्हा वेगवेगळ्या माहिती-पुरवठादारांचे वेगवेगळे पडदे असत. रणदिवे यांनी संगणकाच्या आतल्या हार्डवेअर बसची कल्पना सॉफ्टवेअरमध्ये आणली. ज्याच्याकडे माहिती आहे त्याने ती विषयाच्या नावाने प्रसृत करायची, ज्याला हवी त्याने त्या विषयाची वर्गणी लावायची. १९९४ मध्ये रॉयटर्सने ही कंपनी घेतली आणि १९९७ मध्ये त्यातून टिब्को उभी राहिली. दरम्यान १९९३ मध्ये आयबीएमचे एमक्यूसिरीज आले होते. त्याचे आश्वासन वेगळ्या जातीचे होते: एकदा मेसेज स्वीकारला की समोरचे यंत्र बंद असले तरी तो जपून ठेवू आणि ते उठल्यावर पोचवू. २००२ च्या सुमारास गार्टनरच्या रॉय शुल्टे यांनी या सगळ्यासाठी एंटरप्राइज सर्व्हिस बस हे नाव रूढ केले. २००३ मध्ये ग्रेगर होपे आणि बॉबी वुल्फ यांनी इंटिग्रेशनचे ६५ नमुने एका पुस्तकात मांडले. पुढची दहा वर्षे सर्व्हिसमिक्स, म्यूल, कॅमल, श्रीलंकेतून आलेले डब्ल्यूएसओटू, बीईएकडून ओरॅकलकडे गेलेली बस अशा उत्पादनांची होती.

हिशेब साधा होता. दहा सिस्टिम एकमेकींना थेट जोडायच्या तर पंचेचाळीस जोड्या सांभाळाव्या लागतात. मधे बस ठेवली तर दहा. मग २०१४ मध्ये जेम्स लुइस आणि मार्टिन फाउलर यांनी मायक्रोसर्व्हिसेसवरच्या लेखात बुद्धी टोकांना ठेवा, मधली नळी साधी ठेवा अशी बाजू मांडली, आणि ईएसबी हा शब्द सादरीकरणांतून जवळजवळ हद्दपार झाला. प्रॉडक्शनमधून मात्र ती गेली नाही. जिथे पैसे, पॉलिसी, ऑर्डर आणि पगार वाहतात तिथली चालती बस काढण्याची हिंमत सहसा कोणी करत नाही. तिच्या जागी काफ्का आला तरी मेसेज दोनदा आला तर काय, उलट्या क्रमाने आला तर काय, अर्धवट वाचला गेला तर काय, हे प्रश्न जसेच्या तसे राहतात. या पुस्तकातल्या निम्म्याहून अधिक मजकुरात ईएसबी हा शब्द खोडून दुसरा लिहिला तरी बिघडणार नाही.

पाठवणाऱ्याला घेणारा कोण हे माहीत असण्याची गरज नाही, हे या रचनेचे बळ आहे. बिघाडाच्या वेळी नेमके तेच नडते. घाटात दरड कोसळते आणि गाड्यांची रांग पायथ्याच्या गावात दिसते, तसा इथला बिघाड उगमापासून लांब प्रकट होतो. आयबीएम एमक्यूमध्ये क्यूची कमाल खोली मुद्दाम बदलली नाही तर ५,००० मेसेजची असते. ती भरली की पुढचा मेसेज टाकणाऱ्या ॲप्लिकेशनला २०५३ हा कारण-कोड मिळतो. तक्रार त्या ॲप्लिकेशनच्या नावाने नोंदली जाते आणि घाईत कोणीतरी खोली वाढवून पन्नास हजार करते. दोन तास सगळे शांत होतात. पण क्यू भरली ती उचलणारा थांबला म्हणून, आणि तो थांबला बहुधा एका मेसेजपायी. त्या मेसेजमध्ये त्याला न पचणारे काहीतरी आहे. तो मेसेज उचलतो, डेटाबेसमध्ये लिहायला जातो, चूक येते, व्यवहार मागे फिरतो, मेसेज पुन्हा क्यूच्या तोंडाशी येतो आणि तोच पुन्हा उचलला जातो. असा मेसेज किती खेपांनंतर बाजूला काढायचा, हे ठरवण्यासाठी क्यूवर बॅकआउट थ्रेशोल्ड नावाची मर्यादा ठेवता येते. तिचे मूळ मूल्य शून्य असते, आणि जावाच्या जेएमएस क्लायंटच्या लेखी शून्य म्हणजे कधीच काढू नका. कारण-कोड २०५३ लक्षण अचूक सांगतो. कारण त्याच्या तीन थर खाली असते. तिथपर्यंत जाण्याची शिस्त हा पहिल्या भागाचा विषय आहे.

या शिस्तीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे रिस्टार्ट. मी रिस्टार्टच्या विरोधात नाही. ग्राहक खोळंबलेले असताना सेवा आधी उभी करायची असते, यात वाद नाही. पण रिस्टार्ट केला की मेमरीतला सगळा पुरावा जातो. कुठला थ्रेड कुठल्या कुलपाशी थांबला होता, डेटाबेसची किती कनेक्शन घेऊन कोण परत करत नव्हते, हे पुन्हा कळत नाही. क्यू मॅनेजरच रिस्टार्ट केला आणि मेसेज डिस्कवर न जपण्याच्या प्रकारातले असले, तर पुराव्याबरोबर ग्राहकाचा मेसेजही जातो. थ्रेड डंप घ्यायला एक मिनिट पुरते. काही सेकंदांच्या अंतराने तीन घेतले तर काय अडले आहे आणि काय नुसते हळू आहे यातला फरक दिसतो. रात्री दोन वाजता, फोनवर चाळीस माणसे ऐकत असताना, ते एक मिनिट मागून घेण्याचा अधिकार सपोर्टच्या सर्वांत धाकट्या माणसालाही असला पाहिजे. ज्या टीमने हे आधी ठरवून ठेवलेले नसते, तिथे तोच बिघाड महिन्याने परत येतो.

टाइमआउटवर या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते सर्वांत लांब आहे. बाहेरचे चॅनेल तीस सेकंद थांबते, बस साठ सेकंद थांबते, कोअर सिस्टिमला नव्वद सेकंदांची मुभा आहे, अशी उलटी उतरंड मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. एकतिसाव्या सेकंदाला चॅनेल हार मानून दुसरी विनंती पाठवते. पहिली अजून आत चालूच असते आणि पंचेचाळिसाव्या सेकंदाला यशस्वी होते. आता एकाच ग्राहकाच्या दोन विनंत्या जिवंत आहेत. तुटू शकणाऱ्या वाटेवर निरोपांची कितीही देवाणघेवाण केली तरी दोन बाजूंना एकमेकींची खात्री पटू शकत नाही, ही जुनी अडचण जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये दोन सेनापतींच्या कोड्यातून मांडली होती. उत्तर आले नाही याचा अर्थ काम झाले नाही असा नसतो. काम झाले की नाही हे ठाऊक नाही, एवढाच असतो. त्यामुळे मेसेज दोनदा येणार हे गृहीत धरूनच घेणारी बाजू लिहावी लागते: प्रत्येक विनंतीला एक क्रमांक, आणि तो क्रमांक आधी पाहिला असेल तर काम पुन्हा न करता जुनेच उत्तर परत. हे तत्त्व सगळ्यांना पाठ असते. प्रत्यक्षात मात्र क्रमांक मूळ पाठवणाऱ्याने द्यायच्या ऐवजी बस देते, आणि तीही प्रत्येक खेपेला नवा. मग दोन खेपा एकाच विनंतीच्या आहेत हे घेणाऱ्याला कळायला वाटच उरत नाही.

डेटाच्या बिघाडांत मराठी वाचकाला खास जवळचा असा एक प्रकार आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. ‘महाराष्ट्र’ हा शब्द चार अक्षरांचा दिसतो. काने आणि हलन्त वेगळे मोजणाऱ्या संगणकाच्या लेखी त्यात दहा चिन्हे आहेत, म्हणजे तीस बाइट. आता पलीकडे जुनी मेनफ्रेम आहे आणि तिच्या रेकॉर्डमध्ये गावाच्या नावाला चाळीस बाइटांची ठरलेली जागा आहे असे समजा. सलग देवनागरी मजकूर चाळिसाव्या बाइटावर कापला तर तेरा चिन्हांचे एकोणचाळीस बाइट होतात आणि चौदाव्या चिन्हाचा एक तुटका बाइट शेपटाला उरतो. तो तुकडा यूटीएफ-८ च्या नियमात बसत नाही. पुढचा एक्सएमएल पार्सर तेवढे अक्षर सोडून पुढे जात नाही, सगळा मेसेज नाकारतो. ज्यांच्या गावाचे नाव लांब आहे आणि ज्यांनी ते मराठीत लिहिले आहे, त्याच ग्राहकांचे अर्ज पडतात. चाचणी रोमन लिपीतल्या नकली नावांवर झालेली असते, म्हणून ती शंभर टक्के पास असते. सरकारी योजनेचा अर्ज असेल तर या तुटक्या बाइटापायी माणसाला पुन्हा तालुक्याला खेप घालावी लागते. एन्कोडिंगचे प्रकरण मी फार मन लावून लिहिले आहे ते यासाठीच.

बाकीचे प्रकार थोडक्यात सांगतो. तपशील आत आहेत. खाते क्रमांक आकडा म्हणून वाचला की सुरुवातीची शून्ये गळतात. जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचे पूर्णांक खात्रीने जपले जात नाहीत, त्यामुळे लांब क्रमांकाचा शेवटचा अंक गुपचूप बदलू शकतो. जावाच्या तारखेच्या नमुन्यात स्मॉल वायच्या जागी कॅपिटल वाय पडला की वर्षभर सगळे ठीक चालते आणि डिसेंबरच्या अखेरच्या दिवसांत तारखा पुढच्या वर्षात जातात. एक्सएमएलची नेमस्पेस बदलली की एक्सपाथ चूक देत नाही, रिकामे उत्तर देतो, आणि ते रिकामेपण तीन सिस्टिम ओलांडून गेल्यावर कोणाच्यातरी शून्य रकमेच्या पावतीत दिसते. आरडाओरडा न करणारे हे बिघाड मला सर्वांत धोक्याचे वाटतात.

दुसरा भाग विस्ताराचा. त्याची सुरुवात मी नाइट कॅपिटलच्या घटनेपासून केली आहे. ती ईएसबीची नाही, शेअरच्या ऑर्डर बाजारांकडे वळवणाऱ्या राउटरची आहे. पण मेसेजमधल्या एका खुणेवर सगळे कसे अवलंबून असते, हे याहून स्पष्ट दाखवणारे उदाहरण मला माहीत नाही. या अमेरिकी कंपनीने नव्या सोयीसाठी ऑर्डरमधली एक जुनी खूण पुन्हा वापरायला घेतली. तीच खूण पूर्वी पॉवर पेग नावाचा कोड जागा करत असे. त्याचा वापर २००३ मध्ये थांबला होता, कोड मात्र काढलेला नव्हता. आठ सर्व्हरपैकी सातांवर नवा कोड गेला, एकावर जायचा राहिला. १ ऑगस्ट २०१२ ला बाजार उघडला आणि त्या आठव्या सर्व्हरने नवी खूण जुन्या अर्थाने वाचली. सुमारे पंचेचाळीस मिनिटांत कंपनीला ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला.

बिघाड शोधणाऱ्यांनी या घटनेतल्या आणखी दोन गोष्टी नीट वाचाव्यात. बाजार उघडण्याआधी यंत्रणेने पॉवर पेगचा उल्लेख असलेले ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना पाठवले होते. ते इशारे म्हणून पाठवायची रचनाच नव्हती, त्यामुळे त्यांच्यावर कोणी काही केले नाही. आणि गोंधळ सुरू झाल्यावर दुरुस्ती म्हणून उरलेल्या सात सर्व्हरवरचा नवा, बरोबर असलेला कोड काढण्यात आला; मग जुना कोड आठही सर्व्हरवर जागा झाला. विस्तारातली चूक आणि शोधातली चूक एकाच सकाळी एकमेकींवर चढली.

जुन्या फील्डला नवा अर्थ द्यायचा नाही, हा नियम त्यामुळे मी पुस्तकभर हट्टाने सांगितला आहे. नवा अर्थ असेल तर नवे फील्ड घ्यावे, तेही ऐच्छिक, आणि न ओळखणाऱ्याने ते दुर्लक्षून पुढे जावे अशा बेताने. दुसरी काळजी वाटेवरच्या मेसेजची. रात्री नवी आवृत्ती टाकली तेव्हा क्यूमध्ये जुन्या आकाराचे काही हजार मेसेज बसलेले असतात. पोचवता न आलेले मेसेज जिथे बाजूला ठेवले जातात त्या डेड लेटर क्यूमधले तर महिन्याने पुन्हा सोडले जातात. नव्या कोडला जुना मेसेज वाचता आला पाहिजे. पूर्वी रात्री सेवा थांबवून क्यू रिकामी करता येत असे. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चोवीस तास सुरू झाले, आणि भारतीय बँकांतली ती निवांत खिडकी मिटली. जुनी आणि नवी आवृत्ती काही काळ शेजारी चालवता येत नसेल, तर तो विस्तार अजून तयार नाही असे मी मानतो.

बसमध्ये धंद्याचे नियम किती ठेवावेत यावर माझे मत पुष्कळांना जुन्या वळणाचे वाटेल. रूपांतर आणि मार्गनिवड तिथे असावी. व्याजाचा दर, सवलतीची पात्रता, ग्राहकाचा वर्ग हे त्या त्या सिस्टिममध्ये असावे. घाईत एक अट बसमध्ये टाकली जाते, कारण मालक सिस्टिमचे पुढचे रिलीज तीन महिन्यांवर असते. मग तिथे दुसरी येते. पाच वर्षांनी सवलत का मिळाली नाही याचे उत्तर एका मॅपिंगच्या चारशेव्या ओळीत सापडते, आणि ते वाचू शकणारी दोनच माणसे कंपनीत उरलेली असतात.

खुणांबद्दल मी वर म्हटले ते इथे पूर्ण होते. उत्तराच्या मेसेजमध्ये मूळ मेसेजचा क्रमांक कोरिलेशन आयडी म्हणून परत यावा, ही प्रथा जेएमएसच्या आधीपासूनची आहे. डब्ल्यूथ्रीसीने फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रेस कॉन्टेक्स्टचे मानक मान्य केले आणि एका विनंतीला सगळ्या सिस्टिममधून एकच बत्तीस आकडी हेक्स क्रमांक वाहून नेण्याची सर्वमान्य सोय झाली. पण एचटीटीपीवरून आलेली विनंती क्यूत शिरते तेव्हा हा क्रमांक आपसूक बरोबर जाईलच असे नाही. मेसेजच्या प्रॉपर्टीत तो मुद्दाम उतरवून घ्यावा लागू शकतो. नवा टप्पा जोडताना कोणी जुना मेसेज पुढे न पाठवता नवा बनवला आणि हा क्रमांक विसरला, तर त्या टप्प्यावर धागा तुटतो. चाचणीत हे कळत नाही, कारण व्यवहार तर पूर्ण होतो.

डेड लेटर क्यूला नाव घेऊन सांगता येईल असा मालक हवा. तिथला प्रत्येक मेसेज म्हणजे कोणाचा तरी पगार, कोणाची तरी हप्त्याची पावती, कोणाचा तरी रुग्णालयाचा दावा असतो. महिन्याच्या अहवालात तिथली संख्या फक्त मोजली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. ती रोज उघडून कशी वाचायची, कुठला मेसेज पुन्हा सोडायचा, कुठला सोडल्यास दुप्पट पैसे जातील, आणि निर्णय कोणाला विचारून घ्यायचा, यासाठी एक पूर्ण प्रकरण दिले आहे.

पुस्तकातली उदाहरणे अपाची कॅमल आणि आयबीएम एमक्यूवर आहेत. एमक्यूची डेव्हलपरांसाठीची आवृत्ती विनामूल्य मिळते आणि साध्या लॅपटॉपवर कंटेनरमध्ये चालते, त्यामुळे वाचकाला प्रत्येक बिघाड घरी मुद्दाम घडवून पाहता येईल. तसे करावेच. उत्पादनांची तुलना, परवान्यांचे दर, क्लाउडवरच्या सेवांची निवड हे विषय वगळले आहेत, कारण ते लवकर शिळे होतात. ज्यांच्या कामात भारतीय भाषांतली नावे-पत्ते येतात त्यांनी एन्कोडिंगचे प्रकरण आधी वाचले तरी चालेल. बाकीची ओळीने वाचावीत.

शेवटचे प्रकरण जुना फ्लो बंद करण्याचे आहे. लॉगमध्ये तीन महिने एकही मेसेज दिसला नाही म्हणून फ्लो काढायचा नसतो. आर्थिक वर्षाच्या अखेरीस, ३१ मार्चच्या रात्री एकदाच जागा होणारा एखादा पाठवणारा त्या फ्लोवर अवलंबून असू शकतो. तो कोण आहे हे शोधायला पूर्ण एक वर्षाचे लॉग लागतात, आणि बऱ्याच ठिकाणी ते नव्वद दिवसांनी पुसले जातात. तेव्हा फ्लो बंद करायचा विचार नुसता डोक्यात आला, तरी त्याच दिवसापासून त्या फ्लोचे लॉग वेगळे साठवायला लावावेत.